४५ मिनिटांत मुलांनी नेमकं काय ऐकायचं, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या आवाजाचं), एक चेलो (त्याहून मोठं, जमिनीवर टेकवून वाजवायचं) असे तुम्ही चौघं मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवता. जानेवारीत सातारा जिल्ह्यातल्या सहा शाळांमध्ये तुमचे कार्यक्रम ठरलेत, प्रत्येक ठिकाणी ४५ मिनिटं. मुलं पाचवी ते आठवीची, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ‘कधीच न ऐकलेली’. कोणत्या रचना घ्याव्यात, मध्ये किती बोलावं आणि मुलं चुळबुळ करायला लागली तर काय करावं, हे तुम्ही विचारलंय.

मी व्हिओला वाजवते. अशा लहान गटांबरोबर गेली १४ वर्षं शाळांमध्ये जातेय; मुंबई, पुणे, कोल्हापूरकडची खेडी, थोडंफार गोव्यात. रचनांची नावं मी शेवटी देते, कारण ती शेवटीच ठरतात. त्याआधीचा प्रश्न असा आहे: मुलं वर्गात परत जातील तेव्हा त्यांना असं काय ऐकू येत असेल, जे सकाळी येत नव्हतं? याचं उत्तर तुम्हा चौघांना एका वाक्यात देता आलं पाहिजे. ‘त्यांना मोझार्टची ओळख होईल’ हे काही उत्तर झालं नाही. ‘एका वेळी चार ओळी चाललेल्या असतात आणि त्यातली हवी ती कानाने धरता येते’ असं काहीतरी नेमकं हवं.

आमच्या पहिल्या दौऱ्यात नेमकं इथेच चुकलं. आम्हाला काय वाजवता येतं त्यावरून आम्ही कार्यक्रम आखला. हायडन, मोझार्ट, द्वोर्झाक, शोस्ताकोविच अशा क्रमाने एकेका संगीतकाराची रचना, प्रत्येकाच्या आधी त्याच्या काळाची माहिती. एका शाळेने हौसेने ३५० मुलं मांडवात बसवली होती. दहाव्या मिनिटाला मागच्या रांगा हलायला लागल्या. एक सर छडी घेऊन रांगांमधून फिरू लागले, ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ झालं, आणि उरलेला अर्धा तास मुलं आमच्याऐवजी सरांकडे बघत बसली. टाळ्या कडकडून झाल्या, कारण सरांनी तसं सांगितलं होतं. परतताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. वाजवलं वाईट नव्हतं. पण ३५० जणांपैकी एकाच्याही कानाला आम्ही काही काम दिलं नव्हतं.

अमेरिकन कंडक्टर (ऑर्केस्ट्राचे संचालक) लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ ते १९७२ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राला घेऊन मुलांसाठी ५३ कार्यक्रम केले, टीव्हीवरही ते दाखवले गेले. पहिल्याचा विषय होता ‘संगीताचा अर्थ काय?’ पुढे ‘ऑर्केस्ट्रेशन म्हणजे काय?’, ‘कॉन्चेर्टो म्हणजे काय?’ असे एकेक. अख्खा ऑर्केस्ट्रा हाताशी असताना तो माणूस तासभर एकाच प्रश्नाभोवती फिरायचा. त्यावरून मला वाटतं, आपण चौघांनी ४५ मिनिटांत चार प्रश्न उघडू नयेत.

‘कधीच न ऐकलेली मुलं’ हेही मनातून काढून टाका. व्हायोलिनचे ताफे या मुलांच्या कानावर जन्मापासून आहेत, सिनेमाच्या गाण्यांतून. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी त्या गाण्यांमागचं वाद्यसंगीत लिहिलं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोन्साल्विसांकडेच. तेव्हा मुलांनी हा आवाज ऐकलाय. तो येतो कुठून, हे पाहिलेलं नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि तुमच्या बोलण्याचा सूर त्यावर ठरतो. अडाण्याला शिकवायला आल्यासारखं तुम्ही बोललात तर आठवीतल्या मुलाला ते पहिल्या मिनिटात कळतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्यांचं उत्तर इथून देता येणार नाही. मुलं ६० आहेत की ३००? शाळेत गाणारे, पेटी वाजवणारे कोणी सर किंवा बाई आहेत का? कार्यक्रम बंद खोलीत आहे की मैदानावर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही त्या शाळेत पुन्हा जाणार आहात का? संख्येबद्दल मात्र मी ठाम आहे. चार तंतुवाद्यं, ध्वनिवर्धकाशिवाय, जमिनीवर अर्धगोलात बसलेली ७० ते ८० मुलं, त्यापुढे नाही. शाळा सगळ्यांना बसवायचा आग्रह धरणार, कारण कोणालाच वंचित ठेवायचं नसतं, आणि त्यांचं ते बरोबरच आहे. अशा वेळी नाही म्हणण्यापेक्षा दोन सत्रं करा. माईक लावून ३०० मुलांपुढे वाजवलं की व्हिओला आणि चेलोचा आवाज एकाच कर्ण्यातून येतो, आणि कोणती ओळ कोणाची हे ओळखण्याचा खेळच संपतो.

मी सत्र कसं बांधते ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत.

दौऱ्याच्या महिनाभर आधी प्रत्येक शाळेकडून परिपाठाला म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेची क्लिप फोनवर मागवते. सहा शाळांतून बहुधा तीन-चारच वेगळ्या चाली निघतात. त्यांची चार वाद्यांसाठी छोटी मांडणी करून घेते. एक कडवं पुरे. सत्राची सुरुवात न बोलता, दीड-दोन मिनिटांच्या जलद, जोरकस वाजवण्याने. नमस्कार त्यानंतर. मग पहिलं व्हायोलिन एकटंच ती प्रार्थना वाजवतं. मुलं एकमेकांकडे बघतात, दोन-तीन जण गुणगुणायला लागतात. तीच चाल पुन्हा, आता खाली चेलो. मग दुसरं व्हायोलिन, मग व्हिओला. एवढ्यात तीन मिनिटं गेलेली असतात आणि आमच्यापैकी कोणी एक वाक्यही समजावून सांगितलेलं नसतं.

नंतर खेळ. ‘डोळे मिटा. आम्ही पुन्हा वाजवतो. चौघांपैकी एक जण मध्येच थांबेल. थांबल्याचं कळलं की हात वर करा, बोलू नका.’ पहिल्यांदा पहिलं व्हायोलिन थांबतं. सगळे हात वर. मग चेलो, बरेचसे हात वर, काही जण शेजाऱ्याचं बघून. तिसऱ्यांदा व्हिओला. इथे खोलीत वेगळीच शांतता होते. मागे भुदरगडकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीतल्या एका मुलीने बराच वेळ हात अर्धवट वर धरला होता. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘कोण थांबलं ते नाही कळलं बाई, पण मधलं गेलं. पोकळ झालं.’ व्हिओलाचं काम इतक्या थोड्या शब्दांत मला आमच्या शिक्षकांनीही सांगितलं नव्हतं.

आता जे वाजवाल त्याला कान तयार असतो. अशा वेळी मी द्वोर्झाकच्या १८९३ सालच्या ‘अमेरिकन’ क्वार्टेटची (क्वार्टेट म्हणजे चौघांसाठीची रचना) सुरुवात घेते, कारण तिथे मुख्य चाल आधी व्हिओलाकडे येते. नुकतंच जे ‘मधलं’ हरवलं होतं, तेच आता पुढे येऊन गातं. मुलं माझ्याकडे बोट दाखवतात. हे बोट दाखवणं म्हणजे माझ्या लेखी सत्र यशस्वी झाल्याची खूण. हीच रचना खेळाच्या आधी घेतली असती तर तोच सुंदर आवाज त्यांच्या डोक्यावरून गेला असता.

सूर लावणंही लपवू नका, समोरच लावा. व्हायोलिनच्या लगतच्या दोन तारांमध्ये सा-पचं अंतर असतं. पेटीवर गाणारी मुलं ते लगेच ओळखतात, आणि ‘हे आपल्या ओळखीचंच आहे’ असं त्यांचं त्यांना सापडतं. प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची असेल तर पट्टी आधी जुळवा. तंतुवाद्यांना सोपा असलेला डी हा सूर म्हणजे पेटीची पांढरी दोन. तिथे मुलांचा आवाज पुरतो का, ते क्लिपवरून बघून ठेवा. आणि शाळेची पेटी तुमच्या ‘ए’ सुराशी (सेकंदाला ४४० कंपनांच्या) जुळतेच असं नाही. पेटी सुरात लावता येत नाही, तुम्हाला लावता येतं. तेव्हा तुम्ही तिच्याशी जुळवून घ्या. त्यात त्या संगीताच्या बाईंचा मानही राहतो.

बोलण्याचं माझं मोजमाप साधं आहे. ४५ पैकी २५ मिनिटं वाजवणं, साधारण १२ मिनिटं मुलांनी काही करणं, आणि उरलेली ८ मिनिटं बोलणं, तेही एका दमात एक मिनिटापेक्षा जास्त नाही. चौघांपैकी ज्याचं मराठी सहज आहे त्यानेच बोलावं. मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियात २००६ साली स्थापना झाल्यापासून कझाकस्तानचे वादक मोठ्या संख्येने आहेत. तुमच्यातही कोणी बाहेरदेशी असेल तर त्यांना इंग्रजीत बोलायला लावून शेजारी दुभाष्या उभा करू नका, निम्मी मिनिटं त्यातच जातात. त्यांना त्यांच्या वाद्यातून एक ओळ वाजवून ओळख करून देऊ द्या. आणि ‘मूव्हमेंट’ (रचनेचा एक भाग), ‘पिझिकाटो’ (तार बोटाने छेडणं) हे शब्द आधी सांगून पाठ करून घेऊ नका. आधी तार बोटाने छेडून दाखवा, मुलं ‘एकतारीसारखं’ म्हणाली की मग शब्द सांगा.

चुळबुळीबद्दल. मान डोलावणं, मांडीवर ठेका धरणं, शेजाऱ्याला कोपर मारून ‘बघ बघ’ म्हणणं ही चुळबुळ नव्हे. भजनाला बसलेल्या घरातलं मूल ऐकताना हलतं, तशीच त्याला सवय आहे. तुकड्यांच्या मध्ये टाळ्या पडल्या तर पडू द्या. खरी चुळबुळ वेगळी दिसते: नजर खिडकीकडे जाते, दप्तराचे बंद ओढले जातात. ती दिसली की समजायचं, कानाला काम देऊन पाच मिनिटांच्या वर झाली. सुरू असलेला तुकडा सोयीच्या जागी थांबवा आणि पुढचा खेळ घ्या. त्यासाठी प्रत्येक रचनेत थांबण्याच्या दोन जागा तालमीतच ठरवून ठेवा.

शिक्षकांशी आदल्या दिवशी फोनवर मोकळेपणाने बोला. मी एवढंच सांगते: ‘सर, मुलं हसतील, हलतील, ते आम्हाला हवंय. तुम्ही मागे उभं राहू नका, मुलांमध्ये बसा.’ शिक्षक सतरंजीवर मुलांशेजारी बसून डोळे मिटून खेळ खेळले की छडीचा प्रश्नच उरत नाही. सत्काराचंही तेव्हाच बोलून घ्या. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ यात ४५ पैकी १५ मिनिटं सहज जातात. सत्कार मुख्याध्यापकांच्या खोलीत आधी करून घेऊ या, असं म्हटलं तर कोणी वाईट मानत नाही.

जागेबद्दल काही गोष्टी, ज्या आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. शाळेतल्या खुर्च्या बहुधा प्लास्टिकच्या, हाताच्या असतात. धनू, म्हणजे वाजवायचा बो, त्यावर आपटते. चार बिनहाताच्या खुर्च्या लागतील असं कळवा, नाहीतर गाडीत टाका. शहाबादी फरशीवर चेलोची खालची टोकदार दांडी सरकते. चेलो एकदा सरकायला लागला की वादकाचं सगळं लक्ष पायाखाली जातं, म्हणून खुर्चीच्या पायात अडकवायचा पट्टा न विसरता न्या. पंखे बंद ठेवायला सांगा, त्यांची घरघर व्हिओलाच्या आवाजावर बसते; तरी वाऱ्याने स्वरलिपीचे कागद उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे हवेतच. पत्र्याच्या छताखाली जलद तुकडे एकमेकांत मिसळतात, तिथे लय थोडी उतरवा. स्टेज असलं तरी खालीच बसा. पहिल्या रांगेतल्या मुलाला धनूचे केस आणि राळेची भुकटी दिसली पाहिजे.

मुंबईच्या दमट हवेतून घाट चढून साताऱ्याच्या जानेवारीतल्या कोरड्या थंडीत गेलात की लाकूड आक्रसतं, खुंट्या सैल होतात आणि तार धडाधड उतरते. पोचल्यावर वाद्यं निदान अर्धा तास खोलीत नुसती राहू द्या, मग सूर लावा. म्हणजे साडेदहाच्या सत्राला साडेनऊला हजर. दिवसाला दोन सत्रं, तिसरं घेऊ नका. तिसऱ्यात तुमचा चेहरा थकलेला असतो आणि मुलं आधी चेहरा वाचतात. तारखा बघताना २६ जानेवारीच्या आधीचा आठवडा सोडा. त्या दिवसांत मैदानावर लेझीम आणि कवायतीची तालीम चालते, आणि हलगीपुढे क्वार्टेटचा निभाव लागणार नाही. दुसरं सत्र मधल्या सुट्टीच्या तोंडावर नको. खिचडीचा वास आला की मुलांचं मन तिकडेच जाणार. मानधन चौघांनाही मिळालं पाहिजे. शाळेकडून नसेल तर देणगीदार शोधा, पण फुकट करू नका. फुकटचे दौरे दुसऱ्या वर्षी बंद पडतात, हे मी तीन गटांच्या बाबतीत पाहिलंय. मुलांचे फोटो-व्हिडिओ मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

शेवटची दहा मिनिटं वाद्यांजवळ येण्यासाठी ठेवा. सगळ्यांना वाजवायला देणं ७० मुलांत शक्य नसतं, आणि घाईने दिलं तर वाद्यालाही धोका. मी एकच गोष्ट करते: चेलोवादक खालची मोकळी सी तार लांब ओढत राहतो, आणि मुलं चार-चारच्या गटाने येऊन वाद्याच्या पाठीवर तळवा ठेवतात. ती तार सेकंदाला साधारण ६५ वेळा थरथरते, हे हाताला स्पष्ट कळतं. ‘गिरणीत उभं राहिल्यावर पायाला होतं तसं,’ असं एक मुलगा म्हणाला होता. त्याच्या मागच्या मुलाने तळव्याऐवजी कान लावला. त्याला उठवायला मला जिवावर आलं.

पुन्हा जाणार असाल तर दुसऱ्या खेपेला गावातल्या वादकाला बोलवा. आमच्या ब्रास (पितळी फुंकवाद्यं) वादकांच्या गटाला एका शाळेत कळलं की सातवीतल्या एका मुलाचे वडील लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवतात. पुढच्या वेळी त्यांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, वाद्य पुसून आले, आमच्या ट्यूबाशेजारी बसले आणि ऐकून ऐकून खालची ओळ धरली. त्यांच्या मुलाने त्या दिवशी सगळ्या वर्गाला वाद्याच्या कळा कशा दाबायच्या ते दाखवलं. तुमच्या गटाला हे सनईवाल्याबरोबर, भजनी मंडळाच्या पेटीवाल्याबरोबर जमेल.

आता रचना. एकाच प्रश्नाच्या, ‘चौघांपैकी कोण काय करतंय?’ याच्या भोवती, मी हा क्रम धरला असता. सुरुवातीला हायडनच्या एखाद्या क्वार्टेटचा जलद शेवटचा भाग, दीड-दोन मिनिटं. मग प्रार्थना आणि खेळ. मग द्वोर्झाकची ती सुरुवात. त्यानंतर बार्टोकच्या १९२८ सालच्या चौथ्या क्वार्टेटचा चौथा भाग. तो सबंध बोटांनी छेडून वाजवायचा आहे, आणि काही ठिकाणी तार इतकी जोरात ओढून सोडायची की ती खालच्या लाकडी पट्टीवर आपटून टणत्कार होतो. प्रत्येक टणत्काराला तो कोणी केला ते मुलं शोधत राहतात, त्यामुळे अवघड असूनही मी तो कधी गाळत नाही. शेवटी हायडनच्या ओपस ३३ या संचातल्या दुसऱ्या क्वार्टेटचा अखेरचा भाग, १७८१ सालचा. त्याचा शेवट तुकड्या-तुकड्यांत होतो, मध्ये थांबे, मग एक लांब शांतता, आणि संपलं असं वाटत असताना चालीचा पहिलाच तुकडा पुन्हा, अगदी हळू. मुलं चुकीच्या जागी टाळ्या वाजवतात, ओशाळतात, मग हसतात. हायडनने ती जागा त्यासाठीच केलीय, तेव्हा तुम्हीही धनू हवेत धरून तो थांबा पूर्ण घ्या.

पाचवीच्या वर्गांपुढे बार्टोकचा अर्धाच भाग घ्या आणि खेळाची एक फेरी वाढवा. प्रार्थनेच्या क्लिप आल्या की पट्टी आणि प्रत्येक शाळेतली मुलांची संख्या इथे लिहा. व्हिओलाची ओळ कशी ठेवायची म्हणजे ती थांबल्यावर ‘पोकळ’ ऐकू येईल, ते मी लिहून देते.